एमजीबी रिस्टोर करून घेतली, वर्कशॉपचा रिव्ह्यू (मोठा आहे, निवांत वाचा)

गाडी घरी येऊन पावणेदोन वर्षं झाली, साडेनऊ हजार किलोमीटर झाले, म्हणून आत्ता लिहितोय. डिलिव्हरीच्या दिवशी रिव्ह्यू लिहिण्यात काही अर्थ नसतो, त्या दिवशी पेंट चमकत असतो, आपला पाय जमिनीवर नसतो आणि गाडीने अजून एकही पावसाळा बघितलेला नसतो. वर्कशॉपचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण एक मोठी तक्रार पण आहे, ती त्यांच्याशी समोरासमोर बोलून मिटलीये, आता ती नावासकट इथे टांगायची इच्छा नाही. काम काय झालं, कसं झालं आणि तुम्ही अशी गाडी कुठेही दिलीत तर काय बघून घ्यायचं, हे मात्र सगळं सांगतो.

गाडी १९६५ ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, दोन सीटची, वरून उघडी, टार्टन रेड रंगाची. हे मॉडेल १९६२ मध्ये आलं आणि १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होतं, पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या, त्यामुळे पार्ट मिळण्याची बोंब नाही, या बाबतीत क्लासिक गाड्यांमध्ये एमजीबीवाले नशीबवान आहेत. १७९८ सीसी इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, पुढे डिस्क मागे ड्रम. १९६४ च्या शेवटी इंजिनात तीनाच्या जागी पाच मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकशाफ्टचे आधार, आले, माझ्या गाडीत तेच इंजिन आहे आणि ते धडधाकट होतं. बाकी गाडी मात्र खालून पोखरलेली.

मला ती शोसाठी नको होती. रोज काढता आली पाहिजे, रात्री, पावसात, ट्रॅफिकमध्ये, आणि तरी शेजारी उभं राहून बघणाऱ्याला एकही गोष्ट खटकता कामा नये. म्हणून मी सगळ्यांना तेच सांगत होतो, बॉडीला नवीन भोक पाडायचं नाही, काढलेला पार्ट फेकायचा नाही, आणि जे नवीन लावाल ते काढून जुनं परत बसवता आलं पाहिजे. दोन ठिकाणी गेलो तर दोघांनी सरळ इंजिन बदला म्हणून सांगितलं, एकाने तर डॅशबोर्डमध्ये स्क्रीन कुठे बसेल ते टेपने मोजायला पण घेतलं! तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे यांच्याकडे, वायरिंग बघणारे एक काका आहेत, त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "गाडी रात्री चालवणार का?" मी हो म्हटल्यावर म्हणाले मग आधी करंटचा हिशोब करू, बाकी नंतर. मला तिथेच माणूस पटला.

बॉडीचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर सगळेच लिहितात. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच चेसिस आहे, त्यामुळे दाराखालच्या सिल म्हणजे गाडीचा कणा. बाहेरची सिल, आतली सिल आणि मधला कॅसल सेक्शन असे तीन पत्रे मिळून ती ताकद येते. आधीच्या कुठल्या तरी मालकाने गंजलेल्या सिलवर नवीन पत्रा नुसता चिकटवून वरून पुट्टी मारली होती, बाहेरून गुळगुळीत आणि आत हात घातला तर गंजाचा भुगा. यांनी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून बॉडी बांधून घेतली, गाडीचं वजन सस्पेन्शनवर ठेवलं, आणि प्रत्येक टप्प्याला दार लावून फट बघितली. हे न करता कापलं तर उघडी गाडी मधून बसते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत. आज माझ्या दोन्ही दारांची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे आणि दार एका बोटाने लागतं. सिलच्या आत वॅक्स स्प्रे केलंय, ते पण आधीपासून असलेल्या भोकांतूनच. पेंट छान आहे, अति चकचकीत नाही, त्या काळच्या गाडीला शोभेल असा. वेल्डिंगला दहापैकी दहा.

आता इलेक्ट्रिकल, कारण खरी करामत इथे आहे आणि खरा घोळ पण इथेच झाला.

१९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. वर बॅटरी चार्ज करायला डायनामो, तो जास्तीत जास्त २२ अँपियर देतो आणि इंजिन आयडलवर असताना जवळपास काहीच देत नाही. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे फ्लोअरखाली, एकमेकींना जोडून बारा व्होल्ट. आणि पूर्ण गाडीला फ्यूज किती तर दोन! पस्तीस अँपियरचे दोन फ्यूज, आणि हेडलाइट त्यातल्या एकावरही नाहीत, त्यांचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून साठ वर्षं जुन्या वायरने येतो-जातो. काकांनी कागदावर मांडून दाखवलं, ५५ वॅटचे दोन डिपर (हेडलाइटचा खालचा बीम) म्हणजे ११० वॅट, म्हणजे नऊ-दहा अँपियर तिथेच गेले, त्यात वायपर, हीटरचा पंखा, ब्रेक लाइट, इग्निशन, पेट्रोल पंप. पावसाळी रात्री सिग्नलला उभं राहिलं की बॅटरी खाली खाली जात राहणार. म्हणूनच या गाड्यांबद्दल लोक म्हणतात की रात्री भरवसा नाही. गाडीचा स्वभाव वगैरे काही नाही, साधं जमाखर्चाचं गणित आहे.

त्यांनी डायनामोच्याच आकाराच्या खोळीत बसणारा अल्टरनेटर लावला. असे तयार मिळतात, बाहेरून हुबेहूब ल्युकसचा डायनामो, तोच काळा लांबट नळकांड्याचा आकार, तेच ब्रॅकेट, आत अल्टरनेटर. जुना कटआउट बॉक्स, म्हणजे डायनामोचं चार्जिंग सांभाळणारी डबी, जागच्या जागी आहे, झाकण पण तेच, फक्त आतलं काम बंद करून वायरी नुसत्या जोडल्यात. बॉनेट उघडून मी दोन जाणकार मित्रांना दाखवलं, दोघांनाही सांगेपर्यंत कळलं नाही. आयडलला सगळे लाइट चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावलं तर १३.८ व्होल्ट. डायनामोवर याच वेळी बारा पण मिळत नव्हते.

बहुतेक अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला, असतात, तसा लावायचा तर गाडीही निगेटिव्ह अर्थ करावी लागते, आणि इथे बरेच जण फक्त बॅटरी उलटी फिरवतात आणि झालं म्हणतात. तसं नसतं. स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात, नाहीतर स्पार्क उलट्या पोलॅरिटीचा पडतो आणि कमजोर होतो. आणि आरपीएम मीटर. या मीटरवर मी स्वतः बराच जीव लावला म्हणून जरा सविस्तर.

माझ्या गाडीतलं आरपीएम मीटर स्मिथ्सचं, कॉइलकडे जाणारी वायर मीटरच्या पाठीमागून वळसा घालून जाते आणि त्यातून जाणाऱ्या करंटच्या झटक्यांवर काटा चालतो. पोलॅरिटी बदलली की ते आतून उलटं जोडावं लागतं. त्यात आम्ही डेल्कोत, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये, पॉइंट (स्पार्कसाठी करंट तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं होतं. ते मॉड्यूल डेल्कोच्या झाकणाखाली पूर्ण लपतं, बाहेर फक्त दोन बारीक वायरी दिसतात, पॉइंटची ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची फट दर काही हजार किलोमीटरला फीलर गेज घेऊन लावायची कटकट गेली आणि थंडीत अर्ध्या सेल्फला गाडी चालू होते. पण करंटच्या झटक्याचा आकार बदलला आणि काटा वेड्यासारखा उड्या मारायला लागला, हजारावरून चार हजार, परत शून्य. त्यांनी आधी मला सांगितलं की नवीन मीटर घ्या, सारखंच दिसतं. मी नाही म्हटलं. कारण ते सारखं दिसत नाही! नवीन मीटरच्या आकड्यांचा पांढरा रंग शुभ्र असतो आणि शेजारच्या स्पीडोमीटरचे आकडे साठ वर्षांत सायीसारखे झालेत, दोन्ही शेजारी लावले की लगेच डोळ्यात येतं. दोन आठवडे वाद झाला आमचा. शेवटी त्यांनी मीटर अशा कामाच्या माणसाकडे पाठवून आतलं सर्किट बदलून आणलं, तबकडी जुनी, काटा जुना, काच आणि क्रोमची रिंग जुनी. आता काटा लोण्यातून फिरल्यासारखा चढतो. मी अजून पण गिअर बदलताना रस्त्यापेक्षा त्याच्याकडे जास्त बघतो, हे बरोबर नाही पण बघतो.

आता गंमत बघा, त्या तबकडीवर खाली बारीक अक्षरात पॉझिटिव्ह अर्थ असं छापलेलं आहे. आणि गाडी आता निगेटिव्ह अर्थ आहे. उद्या मी नसताना कोणी मेकॅनिकने तबकडी वाचून बॅटरी तशी जोडली तर अल्टरनेटर आणि इग्निशन मॉड्यूल दोन्ही एका सेकंदात जळतील. तबकडी खरवडायची माझी तयारी नव्हती. म्हणून बॅटरीच्या झाकणाखाली आणि कटआउट बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला निगेटिव्ह अर्थची पट्टी चिकटवून घेतली. ही मी मागितली तेव्हा केली, त्यांनी आपणहून केली नव्हती. इथे मला पहिल्यांदा जरा शंका आली आणि ती पुढे खरी ठरली.

हेडलाइटला सात इंची जुनी काच तशीच, आत हॅलोजन, आणि करंट आता रिलेमधून सरळ येतो, डॅशबोर्डचा स्विच फक्त रिलेला इशारा देतो. याचा फरक किती पडतो ते ज्यांनी केलं नाही त्यांना खोटं वाटेल. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो, जुन्या वायरीत तेवढं व्होल्टेज सहज गळतं. रिले लपवलेत, फ्यूज वाढवलेत, नवीन फ्यूज बॉक्स पण लपवलाय. इतका छान लपवला की मलाच सापडला नाही.

गाडी घेऊन तीन महिने झाले असतील, रात्री साडेनऊ, मुसळधार पाऊस, शेजारी बायको. दोन्ही डिपर एकदम गेले. अपर लागतोय, डिपर नाही. रस्त्याच्या कडेला घेतली, बॉनेट उघडून जुना फ्यूज बॉक्स बघितला, दोन्ही फ्यूज ठणठणीत. नवीन बॉक्स आहे हे माहीत होतं पण कुठे आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं, डिलिव्हरीच्या कागदांत ड्रॉइंग नव्हतं. मोबाइलच्या टॉर्चने डॅशखाली वाकून वाकून मान दुखली, वर्कशॉपचा फोन उचलला नाही, शेवटी अपर लावून समोरच्यांच्या शिव्या ऐकत हळूहळू घरी आलो. सकाळी शोधलं तर बॉक्स शेजारच्या सीटच्या पायाशी, बाजूच्या पॅनेलच्या मागे, कार्पेट उचलून चार स्क्रू काढल्यावर. आणि फ्यूज बघितला तर दोन्ही डिपरना मिळून एकच, तोही दहा अँपियरचा! वर हिशोब सांगितला ना, ११० वॅट, चार्जिंग चालू असताना आणखी थोडं जास्तच. म्हणजे फ्यूज पहिल्या दिवसापासून काठावर होता, तीन महिने तापत तापत शेवटी गेला. आणि एकच असल्यामुळे दोन्ही लाइट एकदम गेले, डावा-उजवा वेगळा फ्यूज असता तर एक तरी राहिला असता.

मला खरंच राग आला होता. ज्या काकांनी पहिल्याच दिवशी रात्रीचा प्रश्न विचारला त्यांच्या कामात हे? गेलो, सगळं समोर ठेवलं. त्यांनी वाद घातला नाही हे सांगायलाच हवं. म्हणाले ते वायरिंग मुलाने पूर्ण केलं, मी तपासलं नाही, चूक माझी. त्याच दिवशी डावा-उजवा वेगळा केला, पैसे घेतले नाहीत. पण मी तेवढ्यावर उठलो नाही. म्हटलं फ्यूज बॉक्स पॅनेलच्या मागे चार स्क्रूंखाली राहणार नाही, आणि जे जे लपवलंय त्याचं ड्रॉइंग मला हाताने काढून द्या. त्यांनी बॉक्स ग्लव्ह बॉक्सच्या वरच्या बाजूला घेतला, झाकण उघडून हात वर घातला की सापडतो, बाहेरून दिसत नाही. आणि एका कागदावर सगळं, कुठला रिले कुठे, कुठल्या रंगाची वायर कशाची, कुठला फ्यूज किती अँपियरचा, लॅमिनेट करून ग्लव्ह बॉक्समध्ये. तो कागद माझ्या मते या पूर्ण कामातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे आणि तो मला भांडून घ्यावा लागला. गाडी लोकांना १९६५ ची वाटावी हे ठीक आहे हो, पण जो माणूस उद्या तिच्याखाली झोपून काम करणार आहे त्याच्यापासून काय लपवायचंय?

मागच्या लाइटना एलईडी टाकलेत. लाल काचेमागे लाल एलईडीच लागतो, पांढरा टाकला तर काच गुलाबी दिसते, हे त्यांनी नीट केलं. इंडिकेटरला मात्र जुना फ्लॅशर चालत नाही कारण तो बल्बच्या करंटने तापून चालू-बंद होतो, एलईडी एवढा कमी करंट घेतो की फ्लॅशर तापतच नाही आणि इंडिकेटर नुसता जळत राहतो, लुकलुकत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर तशाच गोल डबीत मिळतो, तो लावला, फक्त जुना टिक-टॉक आवाज गेला याचं मला वाईट वाटतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, चार्जिंगच्या लाल दिव्याला एलईडी लावू नका. त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो, तिथे साधा बल्बच हवा. काकांनी हे न विचारता सांगितलं, म्हणजे माणसाला येतं सगळं, फक्त तपासायला वेळ देत नाहीत.

इंजिनात त्यांनी फार हात घातला नाही आणि ते बरोबर केलं. हेड काढून एक्झॉस्टला कडक व्हॉल्व सीट बसवल्या, कारण पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीटला वाचवायचं, आता ते नाही. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घातल्या. ही गोष्ट कोणी टाळू नका, जुन्या नळ्या आजच्या पेट्रोलने आतून फुगतात आणि तडकतात, आणि त्या कार्ब्युरेटरच्या अगदी जवळ, गरम मॅनिफोल्डवर असतात. तिथे लीक झालं तर गाडी जळते. ऑइल २०डब्ल्यू-५०, झिंकवालं. मागचा एसयूचा पेट्रोल पंप मी बदलू दिला नाही, चावी फिरवली की मागून टिक-टिक-टिक येतं आणि कार्ब भरले की थांबतं, ते ऐकल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही ही सवय आहे.

कार्पेटखाली आवाज शोषणारे पॅड आहेत, उघड्या गाडीत त्याचा उपयोग काय असं मला वाटलं होतं पण गिअरबॉक्सची गरमी पायाला लागत नाही हा मोठा फायदा. गाणी सीटच्या मागच्या स्पीकरवर, ॲम्प्लिफायर लपवलेला, फोनवरून चालतो, रेडिओच्या जागी जुनी प्लेटच आहे. आवाज ठीक, ऐंशीच्या पुढे वाराच ऐकू येतो. दोन बॅटऱ्यांच्या जागी एक बारा व्होल्टची, त्याच खाचेत, दुसऱ्या खाचेत आता पाने आणि स्पेअर पट्टा. ब्रेकच्या नळ्या तांबे-निकेलच्या, होज नवीन. पाच गिअरचा बॉक्स बसवा म्हणून त्यांनी दोनदा सुचवलं, बरेच एमजीबीवाले बसवतात आणि हायवेला फायदा होतो हे खरं, पण त्यासाठी बरंच काही बदलावं लागतं आणि माझ्या अटीत ते बसत नव्हतं. नाही म्हटल्यावर त्यांनी परत विषय काढला नाही.

वेळेचं सांगायचं तर आठ महिने म्हणाले होते, चौदा लागले. त्यातले तीन तरी मीटर आणि क्रोमसाठी गेले, ते समजू शकतो, बाकीचे तीन गाडी कोपऱ्यात कव्हर घालून नुसती उभी होती आणि मी फोन केला की "या आठवड्यात घेतो हातात". दर शनिवारी फोटो पाठवायचे ठरलं होतं, पहिले चार महिने आले, मग मागावे लागले. हिशोब मात्र चोख, प्रत्येक पार्टचं बिल, आणि मजुरी जेवढी ठरली तेवढीच.

आणि जुने पार्ट. डिलिव्हरीला तीन खोके दिले, डायनामो, पॉइंट, कंडेन्सर, फ्लॅशर, मीटरचं जुनं सर्किट पण, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, कुठून काढला आणि कधी. घरी येऊन मी बॉडीची भोकं जुन्या फोटोंशी ताडून बघितली, एकही नवीन नाही. ही अट त्यांनी शंभर टक्के पाळली.

मी पाचपैकी चार देतो. एक स्टार त्या फ्यूजचा आणि न दिलेल्या ड्रॉइंगचा, उशिराचा मी कापत नाही. तुम्ही कोणाकडेही द्या, शेवटचा हप्ता ड्रॉइंग हातात आल्यावरच द्या, आणि त्यांच्या समोर बसून स्वतः एकेक फ्यूज काढून बघा कुठला दिवा जातो ते. अर्धा तास लागतो.

पुढच्या महिन्यात गाडी परत त्यांच्याकडेच जाणार आहे, मागच्या डाव्या चाकाशी ऑइल दिसतंय, ॲक्सलचं सील असावं. कागद ग्लव्ह बॉक्समध्ये आहे, त्याची एक झेरॉक्स घरी काढून ठेवलीये.